गळिताची पिके आणि स्फुरदाचा हिशेब

बोरिवली तालुक्यातील दिंडोशी हे महसुली दप्तरात गाव म्हणून नोंदलेले असले, तरी तेथे आज शेती उरलेली नाही. गोरेगावच्या पूर्वेस डोंगराच्या पायथ्याशी असलेली ही जमीन इमारती, वसाहती, न्यायालय आणि बस आगार यांनी व्यापली आहे. या दिंडोशीच्या शेजारीच आरे दुग्ध वसाहत आहे. १९४९ साली तिची उभारणी सुरू झाली आणि १९५१ साली पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. मुंबईत दाटीवाटीने उभे असलेले म्हशींचे गोठे शहराबाहेर न्यावेत आणि नागरिकांना स्वच्छ दूध मिळावे, ही दारा खुरोडी यांची त्या काळी धाडसी वाटलेली योजना. सुमारे १६ हजार जनावरांची सोय तेथील तबेल्यांत करण्यात आली. हा इतिहास दुधाच्या अंगाने पुष्कळदा सांगितला गेला आहे. शेतीच्या अंगाने पाहणाऱ्यास मात्र त्यात आणखी एक गोष्ट आढळते. दुभत्या म्हशीला पेंड लागते, आणि ती पेंड ज्या भुईमुगाची, सरकीची, करडईची असते ती पिके दिंडोशीच्या आसपास होत नाहीत. ती दूरच्या शिवारांतून येतात, आणि येताना त्या शिवारांतील स्फुरद घेऊन येतात.

तेलबी घाण्यातून निघाली की तिचे दोन भाग होतात, तेल आणि पेंड. तेल हा पदार्थ वनस्पतीने मुख्यतः हवा आणि पाणी यांपासून तयार केलेला असतो. जमिनीतून उचललेले नत्र, स्फुरद आणि पालाश जवळजवळ सर्वच्या सर्व पेंडीत राहतात. कच्च्या तेलात स्फुरदाचा जो अंश उतरतो तो अत्यल्प असतो, आणि शुद्धीकरणात तोही काढून टाकला जातो. म्हणून एखाद्या गावाने केवळ तेल विकले आणि पेंड राखली, तर त्या गावाच्या जमिनीचे फारसे काही जात नाही. बी विकले, की सारेच गेले. गावोगावचे तेलघाणे बंद पडले तेव्हा तेल्याच्या धंद्याची हानी सर्वांना दिसली. जमिनीची हानी कोणी मोजली नाही.

ती मोजणे अवघड नाही. भुईमुगाच्या पेंडीत स्फुरदाचे प्रमाण सुमारे दीड टक्का, मोहरीच्या पेंडीत सुमारे १.८ टक्के आणि टरफल काढलेल्या करडईच्या पेंडीत सुमारे २.२ टक्के असते. एका म्हशीला दिवसाला २ किलो भुईमुगाची पेंड घातली असे धरले, तर तिच्या पोटात रोज ३० ग्रॅम, म्हणजे वर्षाकाठी सुमारे ११ किलो स्फुरद जाते. हे स्फुरद सुमारे ६८ किलो सिंगल सुपर फॉस्फेटातील स्फुरदाइतके होय. काही वाटा दुधातून निघून जातो. वैरणीतून येणारे स्फुरद त्यात भर घालते. उरते ते शेणात येते. रवंथ करणाऱ्या जनावरांत नत्र आणि पालाश मोठ्या प्रमाणावर मूत्रावाटे बाहेर पडतात, स्फुरद मात्र मुख्यत्वे शेणावाटे पडते, हे गोठ्याच्या व्यवस्थेत नेहमी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आरे येथील डोंगरात उगम पावणारी ओशिवरा नदी गोरेगावातून वाहत मालाडच्या खाडीला मिळते. तबेल्यांतील शेण धुऊन या प्रवाहात सोडले जाते, ही तक्रार जुनी आहे. नत्र हवेतून पुन्हा जमिनीत येऊ शकते, कारण द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू ते आणून देतात. स्फुरदाला हवेतून येण्याची वाट नाही. खाडीतून समुद्रात गेलेले स्फुरद शेतकऱ्याच्या दृष्टीने कायमचे गेले. मग ते दुसरीकडून विकत आणावे लागते.

विकत आणावयाचे ते कोठून? भारतात खतयोग्य फॉस्फेट खडकाचे साठे मर्यादित आहेत. उदयपूरजवळील झामरकोटडा येथील साठा १९६८ साली सापडला, तो त्यांतील प्रमुख. परंतु देशाची गरज त्यावर भागत नाही. मोरोक्को, जॉर्डन यांसारख्या देशांतून खडक, फॉस्फोरिक आम्ल आणि तयार डीएपी आणावे लागते. १९९२ च्या ऑगस्टमध्ये स्फुरद आणि पालाशयुक्त खतांवरील किंमत नियंत्रण उठविण्यात आले, तेव्हा भाव चढले आणि शेतकऱ्यांनी युरिया कायम ठेवून स्फुरदाला हात आखडता घेतला. २०१० पासून अन्नघटकांवर आधारित अनुदान पद्धती लागू आहे. तरीही पेरणीच्या तोंडावर डीएपीसाठी रांगा लागल्याचे दृश्य अलीकडच्या वर्षांतही दिसते. अशा वेळी गोणी मिळाली की नाही याचीच चर्चा होते. त्या गोणीतील किती स्फुरद पिकाच्या मुळापर्यंत पोहोचणार, हा प्रश्न मागे राहतो. वास्तविक तोच पहिला प्रश्न आहे.

कारण जमिनीत घातलेल्या स्फुरदापैकी पहिल्या हंगामात पिकाच्या हाती साधारणतः १५ ते २० टक्केच लागते. बाकीचे जमीन धरून ठेवते. सोलापूर, उस्मानाबाद (आजचे धाराशिव), बीड या भागांतील काळ्या जमिनीत चुनखडीचे प्रमाण अधिक असते. तेथे विद्राव्य स्फुरद चुन्याशी संयोग पावून हळूहळू न विरघळणारे होते. कोकणातील तांबड्या जांभ्या जमिनीत चुना नसतो, पण लोह आणि ॲल्युमिनिअम भरपूर असतात. तेथे ही दोन द्रव्ये स्फुरदाला पकडतात. कारण वेगळे, परिणाम एकच. त्यातच स्फुरद पाण्याबरोबर वाहत मुळाकडे जात नाही. ते आपल्या जागेपासून काही मिलिमीटरच सरकते. युरिया पसरून दिला तर पावसाबरोबर तो खाली उतरतो. स्फुरद जेथे पडले तेथेच बसते. मूळ त्याच्याजवळ गेले पाहिजे.

या एका गुणधर्मातून स्फुरद देण्याची सारी रीत निघते. पीक उगवून आल्यावर वरून सुपर फॉस्फेट पसरणे हा पैशांचा अपव्यय आहे, विशेषतः कोरडवाहू रब्बीत, जेथे वरचा थर चार-सहा आठवड्यांत सुकून जातो आणि सुकलेल्या थरात मुळे काम करीत नाहीत. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्राने दोन चाड्यांच्या पाभरीचा पुरस्कार केला तो याच कारणासाठी. एका चाड्यातून बी आणि दुसऱ्यातून खत पडते, आणि खत बियाच्या खाली ओलीत बसते. करडईचे सोटमूळ उगवताच खाली धावते. त्याच्या वाटेवरच खत ठेवलेले असावे, इतकाच त्यातील अर्थ. कोरडवाहू करडईस हेक्टरी ५० किलो नत्र आणि २५ किलो स्फुरद पेरणीच्या वेळीच द्यावे, अशी महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. २५ किलो स्फुरद म्हणजे सुमारे १५६ किलो, अर्थात तीन गोणींहून थोडे अधिक सिंगल सुपर फॉस्फेट. भुईमुगास हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद सांगितले आहे. तेथे प्रमाण उलटे होते, कारण नत्राची सोय ते पीक बरीचशी स्वतःच करते.

मोहरीची गोष्ट थोडी निराळी आहे. महाराष्ट्रात ती थोड्या क्षेत्रावर, बहुतांशी विदर्भात, होते. नागपूरच्या कृषी महाविद्यालयातून आलेला ‘शताब्दी’ हा वाण तेथे परिचित आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानेही मोहरीचे वाण दिले आहेत. मोहरीचे बी अगदी बारीक. त्यात साठविलेले स्फुरद रोपाला फार दिवस पुरत नाही, म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच जमिनीतून ते मिळावे लागते. त्या वेळी तुटवडा पडला तर रोप गडद हिरवे, कधी जांभळट, खुरटे राहते, फांद्या कमी फुटतात आणि फुलोरा लांबतो. नंतर कितीही खत दिले तरी गेलेल्या फांद्या परत येत नाहीत. कॅनडातील शेतकरी मोहरीच्याच कुळातील कॅनोला हे पीक मोठ्या प्रमाणावर घेतात. तेथे वसंतात जमीन थंड असते, आणि थंड जमिनीत स्फुरद अधिकच मंद सरकते. म्हणून तेही स्फुरद बियाच्या ओळीजवळ पेरतात. मात्र बियाला चिकटून जास्त खत पडले तर क्षारांमुळे उगवण मार खाते, ही सावधगिरी तेथे आणि येथे सारखीच आहे. बियाच्या बाजूला व खाली सुमारे ५ सेंटिमीटर अंतर असलेले बरे.

आणखी एक बाब बाजारात फसगत टाळण्यास उपयोगी पडेल. मायकोरायझा नावाची उपयुक्त बुरशी अनेक पिकांच्या मुळांशी राहून दूरचे स्फुरद आणून देते. करडई, भुईमूग, ज्वारी यांना ती लाभते. मोहरीच्या कुळाशी ती नांदत नाही. मोहरीच्या बियाला ती चोळण्यात अर्थ नाही. स्फुरद विरघळविणारे जिवाणू वेगळे, ते कोणत्याही पिकास चालतात. त्यांची प्रक्रिया १० किलो बियास २५० ग्रॅम या प्रमाणात करतात. शेणखताबरोबर त्यांचे काम अधिक चांगले होते.

खत कोणते घ्यावे? गळिताच्या पिकांना स्फुरदाबरोबर गंधकही लागते, कारण तेल आणि प्रथिने तयार होण्यात त्याचा वाटा आहे. सिंगल सुपर फॉस्फेटात १६ टक्के स्फुरद आणि सुमारे ११ टक्के गंधक असते. डीएपीत ४६ टक्के स्फुरद असते, गंधक नसते. डीएपीची गोणी मिळाली नाही म्हणून हळहळणाऱ्या करडई किंवा मोहरी उत्पादकाने सुपर फॉस्फेट आणि थोडा युरिया घेतला तर त्याचे नुकसान होत नाही, उलट गंधकाची सोय होते. चेंबूरच्या कारखान्यात तयार होणारे ‘सुफला’ १५:१५:१५ शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचे आहे. त्यातील स्फुरदाचा काही भागच पाण्यात विरघळणारा असतो. म्हणून आम्लधर्मी जमिनीत ते जितके शोभते तितके चुनखडीच्या जमिनीतील कमी मुदतीच्या पिकाला शोभत नाही. कोकणात हाडांचा चुरा किंवा फॉस्फेट खडकाची भुकटीसुद्धा उपयोगी पडते. तेथील आम्ल ती हळूहळू विरघळविते. हीच भुकटी सोलापूरच्या काळ्या रानात टाकली तर ती दगडासारखी पडून राहील.

गोवऱ्यांविषयीही एक शब्द. शेण जाळू नये हे खरेच, परंतु जाळले तर सर्वच जाते असे नाही. नत्र धुरावाटे उडून जाते, स्फुरद राखेत राहते. कोकणात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजण्याची जी चाल होती, तिच्या राखेतून रोपांना हेच मिळत असे. चुलीची राख उकिरड्यावर न फेकता परसात किंवा शेतात नेली, तर त्यातील स्फुरद आणि पालाश वाया जात नाही.

याच्या उलट टोकाचीही उदाहरणे आहेत. पश्चिम महाराष्ट्रातील बागायती पट्ट्यात, जेथे वर्षानुवर्षे प्रत्येक पिकास डीएपी पडले, तेथील कित्येक जमिनींत स्फुरद भरपूर साठले आहे. अशा जमिनीत आणखी स्फुरद घातले तर पिकाला जस्त आणि लोह मिळण्यात अडथळा येतो. पाने पिवळी पडतात, आणि शेतकरी खत कमी झाले असे समजून पुन्हा खतच घालतो.

हे टाळण्याचा मार्ग म्हणजे माती परीक्षण. फेब्रुवारी २०१५ मध्ये मृद आरोग्य पत्रिका योजना सुरू झाल्यापासून अनेक घरांत ही पत्रिका पोहोचली आहे. ती वाचणारे थोडे आहेत. ग्रामपंचायत सदस्यांना आणि शिक्षकांना येथे प्रत्यक्ष काम आहे. पत्रिकेतील स्फुरद मूलद्रव्याच्या रूपात दिले आहे की ऑक्साइडच्या, हे प्रथम पाहावे. खताच्या गोणीवरील आकडा ऑक्साइडचा असतो, आणि मूलद्रव्याच्या आकड्यास २.२९ ने गुणले की तो मिळतो. काळ्या जमिनीच्या नमुन्यास ऑल्सेनची आणि आम्लधर्मी जमिनीच्या नमुन्यास ब्रेची पद्धत लावलेली असावी. प्रमाण कमी आढळल्यास शिफारशीच्या मात्रेत सुमारे चौथाई वाढ आणि भरपूर आढळल्यास चौथाई घट, असा सर्वसाधारण प्रघात आहे.

नमुना बरोबर नसेल तर हा सारा हिशेब फसतो. शेतातून नागमोडी चालत १५ ते २० ठिकाणची २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्यावी. बांध, झाडाखालची जागा, जनावरे बसण्याची जागा आणि शेणखताचा ढीग टाळावा. माती एकत्र करून, चार भाग पाडून, समोरासमोरचे दोन भाग काढून टाकीत अर्धा किलो उरेपर्यंत हे करावे व ती सावलीत वाळवावी. खताच्या रिकाम्या गोणीवर माती पसरण्याची चूक वारंवार होते. गोणीला चिकटलेल्या चार दाण्यांनी गरीब जमीन कागदावर श्रीमंत ठरते. करडईची पेरणी सप्टेंबर अखेरीस ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात होते. त्यामुळे रब्बीच्या रानातील नमुने एप्रिल-मे महिन्यांत, रान रिकामे असताना, प्रयोगशाळेत गेले तर अहवाल हाती येऊन त्याप्रमाणे खत आणण्यास पुरेसा अवधी मिळतो.