आधी पुसू नका, आधी नाव बदला

ब्राउझर उघडत नाही म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो : काढून टाका, पुन्हा टाका. माझं सांगणं आहे, हा उपाय सगळ्यात शेवटी करा, आणि तोही एक गोष्ट सुरक्षित ठेवल्यावरच. बोरी अरबला सेवा केंद्राच्या खुर्चीत बसून मी हे शिकलो. त्या शिकण्याचा खरा त्रास काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या लोकांना झाला, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो.

दारव्हा-यवतमाळ रस्त्यावरचं आमचं गाव. शहरातल्या माणसाचा ब्राउझर अडला तर तो मोबाइल काढतो आणि पुढे जातो. आमच्याकडे सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, कुणाच्या निराधार योजनेच्या अर्जाची स्थिती, सगळं त्या एका खिडकीतून चालतं. अंगठ्याचं यंत्र त्याच संगणकाला, प्रिंटर त्यालाच, डिजिटल सहीचं डोंगलही त्यालाच. ब्राउझर बंद म्हणजे केंद्राचं शटर अर्धं खाली.

२०२३ चा खरीप. एक रुपयात पीकविमा त्याच वर्षी पहिल्यांदा आला होता आणि मुदत होती ३१ जुलैपर्यंत. त्यातच २२ जुलैला जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर माणसं पुरात अडकली. आमच्याकडे लाइट येत-जात होती आणि यूपीएसची बॅटरी संगणक नीट बंद करण्याइतकाही वेळ देत नव्हती. अशाच एका झटक्यात संगणक बंद पडला, तेव्हा क्रोम उघडं होतं आणि एक अर्ज अर्धा भरलेला होता. लाइट आल्यावर विंडोज १० व्यवस्थित सुरू झालं. क्रोमच्या चिन्हावर टिचकी मारली, गोल फिरला, थांबला, संपलं. खिडकी नाही, चूक झाल्याचा संदेश नाही, काहीच नाही.

समोरून आवाज आला, "भाऊ, आज होते का नाही जी? सोयाबीन तं पाण्यात हाये, निदान विमा तं होऊ द्या."

तालुक्याहून दुरुस्तीवाला बोलावला गेला. त्यालाही पुढे दुसरीकडे जायचं होतं. त्यानं क्रोम काढलं, पुन्हा टाकलं, तरी तेच. मग म्हणाला, विंडोजच गेलंय, आणि सी ड्राइव्ह फॉरमॅट केला. त्याआधी क्रोमच्या माहितीचं फोल्डर त्यानं डी ड्राइव्हवर उतरवून ठेवलं होतं, त्यामुळे सगळं परत येईल असा त्याचा समज होता. क्रोम उघडलं. फोल्डरमधल्या बुकमार्क आणि पासवर्डांच्या फाइल जागेवर ठेवल्यावर बुकमार्क परत आले. जपून ठेवलेला एकही पासवर्ड मात्र आला नाही.

हे का झालं ते समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण ही गोष्ट दुरुस्ती करणाऱ्यांपैकीही अनेकांना माहीत नसते. विंडोजवर क्रोम पासवर्ड कुलूपबंद करून ठेवतं आणि त्या कुलपाची किल्ली विंडोजच्या त्या खात्याशी बांधलेली असते. विंडोज नव्यानं टाकलं की खात्याचं नाव तेच ठेवलं तरी किल्ली नवी. जुनं फोल्डर जसंच्या तसं असतं, पण पासवर्ड वाचता येत नाहीत. बुकमार्कांना असं कुलूप नसतं, म्हणून ते आले.

पुढचं काम नुसतं वेळखाऊ नव्हतं, जीव खाणारं होतं. प्रत्येक पोर्टलवर पासवर्ड नव्यानं मागायचा, ओटीपी कुठल्या नंबरवर जातो ते शोधायचं, अंगठ्याच्या यंत्राची सेवा पुन्हा बसवायची, प्रिंटर आणि डोंगलचे ड्रायव्हर टाकायचे, मराठी कळफलक जोडायचा. तोवर लोक थांबणार कसे? काही जण भाडं खर्चून, मजुरी बुडवून दारव्ह्याच्या रांगेत जाऊन उभे राहिले. पुढे मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढली आणि उरलेल्यांचे अर्ज आमच्याकडे भरले गेले. ती वाढली नसती तर काय, याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

मुळात बिघडलं काय होतं? ज्या डी ड्राइव्हवर ते फोल्डर उतरवलं होतं, तिथेच याचं उत्तर होतं. पुढे सवडीनं ते दुसऱ्या संगणकावर वापरून पाहिलं तेव्हा तिथलंही चांगलं चालणारं क्रोम उघडेना. त्यातलं 'डिफॉल्ट' नावाचं आतलं फोल्डर बाजूला केलं की लगेच उघडे. म्हणजे विंडोज धड होतं, क्रोमही धड होतं. लाइट गेली तेव्हा लिहिली जात असलेली प्रोफाइल तेवढी मोडली होती.

ब्राउझर आणि प्रोफाइल हा फरक मनात पक्का बसवा. ब्राउझर म्हणजे नुसतं कपाट, ते कधीही फुकट मिळतं. प्रोफाइल म्हणजे कपाटातले कागद. बुकमार्क, पासवर्ड, एक्स्टेन्शन, कुठल्या साइटला कुठली परवानगी दिली, हे सगळं तिथे असतं. क्रोम साध्या पद्धतीनं काढलं तर प्रोफाइल मागे राहते, आणि पुन्हा टाकलेलं क्रोम तीच मोडकी प्रोफाइल उचलतं. म्हणूनच काढून पुन्हा टाकण्यानं बहुतेकदा काहीच होत नाही. आणि काढताना ब्राउझिंगची माहितीही पुसायची का, या प्रश्नापुढच्या चौकोनात खूण केली तर क्रोम उघडतं, पण कागद कायमचे गेलेले असतात.

मग करायचं काय? आधी ब्राउझर खरोखर बंद आहे का ते पाहा. पुष्कळदा तो पडद्यामागे अर्धवट सुरू असतो आणि त्यामुळे नवी खिडकी उघडू देत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर येईल. त्यात क्रोमच्या किंवा फायरफॉक्सच्या जेवढ्या ओळी दिसतील तेवढ्या बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा. फायरफॉक्स तर स्पष्ट सांगतं की ते आधीच सुरू आहे पण प्रतिसाद देत नाही. त्यानंतर संगणक एकदा रिस्टार्ट करा. विंडोज १० आणि ११ मध्ये 'शट डाउन' आणि 'रिस्टार्ट' एकच नव्हेत. जलद सुरुवातीची सोय चालू असेल तर शट डाउनमध्ये प्रणालीचा काही भाग जपून ठेवला जातो, रिस्टार्टमध्ये सगळं नव्यानं सुरू होतं. सी ड्राइव्हवर जागा आहे का तेही याच वेळी पाहा. सेवा केंद्राच्या डाउनलोड फोल्डरात लोकांच्या आधारच्या, सातबाराच्या पीडीएफ वर्षानुवर्षं साचतात. ड्राइव्ह तुडुंब भरला की ब्राउझरला लिहायलाच जागा उरत नाही. तसंही परक्याचं आधार आपल्या संगणकावर पडून राहणं बरोबर नाही. काम झालं की पुसावं.

एवढ्यानं भागलं नाही तर नाव बदलण्याचा उपाय. क्रोम पूर्ण बंद करा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या 'रन'च्या चौकटीत टक्क्याचं चिन्ह, त्याला लागून इंग्रजीत लोकलॲपडेटा, पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं लिहा. उघडलेल्या फोल्डरात गूगल, त्यात क्रोम, त्यात यूजर डेटा. तिथल्या 'डिफॉल्ट'चं नाव 'डिफॉल्ट जुनं' करा. पुसू नका. क्रोम सुरू करा. उघडलं तर दोष प्रोफाइलमध्ये होता हे सिद्ध झालं. मग क्रोम बंद करून जुन्या फोल्डरातली 'बुकमार्क्स' आणि 'लॉगिन डेटा' या नावांच्या फाइल नव्या 'डिफॉल्ट'मध्ये उतरवा. विंडोजचं खातं तेच आहे आणि किल्ली ज्या फाइलीत असते ती 'लोकल स्टेट' शेजारी तशीच आहे, तोवर पासवर्डही उघडतात. आमच्या केंद्रात त्या दिवशी एवढंच करायला हवं होतं. फोल्डरचं नाव बदलूनही नाही उघडलं तर नाव पुन्हा होतं तसं करा, काही बिघडलेलं नसतं.

फायरफॉक्समध्ये हे आणखी सोपं आहे. चिन्हावर टिचकी मारताना शिफ्ट दाबून धरा, एक्स्टेन्शन बाजूला ठेवून उघडण्याची विचारणा होते. तेही जमलं नाही तर त्याच रनच्या चौकटीत फायरफॉक्स, मग जागा सोडून उणे चिन्ह आणि मोठा पी. प्रोफाइल निवडण्याची खिडकी येते, तिथे नवी तयार करून पाहता येते. त्याचे पासवर्ड प्रोफाइलमधल्या 'लॉगिन्स' आणि 'की४' या दोन फाइलींत मिळून असतात. दोन्ही एकत्र उतरवल्या तर दुसऱ्या संगणकावरही चालतात. म्हणजे त्या फाइली नेणाऱ्या दुसऱ्या कुणालाही चालतील, हेही लक्षात घ्या आणि फायरफॉक्समध्ये मुख्य पासवर्ड लावून ठेवा.

कधी दोष आपल्या संगणकाबाहेरून आलेला असतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्रोमची ७८ वी आवृत्ती आली, आणि सिमँटेकचं जुनं संरक्षण सॉफ्टवेअर असलेल्या संगणकांवर पानं उघडण्याआधीच कोसळू लागली, कारण क्रोमनं आपल्या कामात बाहेरचा कोड घुसू न देणारी नवी तपासणी सुरू केली होती. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'फॅमिली सेफ्टी' या मुलांवर लक्ष ठेवण्याच्या सोयीमुळे अनेकांचं क्रोम सुरूच होईना. इतर ब्राउझर मात्र चालत होते. अशा वेळी शेजाऱ्यालाही तेच होतंय का, कालच काही अपडेट आलंय का, हे आधी विचारावं. फॉरमॅट करून इथे काहीही साधत नाही.

विंडोज ७ वरच्या संगणकांबद्दल कळकळीनं सांगतो, कारण आपल्या भागात ते अजून आहेत. क्रोमची १०९ ही त्यांच्यासाठीची शेवटची आवृत्ती. फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आली, ती विंडोज ७ आणि ८.१ वर चालत नाही. अशा संगणकावर अडलेलं क्रोम घाईनं काढलंत, तर नेहमीच्या पानावरून उतरवलेलं नवं क्रोम बसतच नाही, आणि अडखळत का होईना चालणारं जुनंही हातचं गेलेलं असतं. तिथे फायरफॉक्सची ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्या. जुन्या विंडोजसाठी तिची मुदत मोझिलानं पुन्हा पुन्हा वाढवली आहे. पण हा तात्पुरता टेकू आहे. लोकांचे अंगठे आणि बँक खाती ज्या संगणकावरून जातात तो सुरक्षा अपडेट न मिळणारा असू नये, असं माझं ठाम मत आहे. विंडोज १० चाही सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

सगळ्यात मोठा धोका मात्र मदत शोधताना असतो. घाबरलेला माणूस मोबाइलवर ब्राउझरचा कस्टमर केअर नंबर शोधतो. क्रोम किंवा फायरफॉक्स फुकट वापरणाऱ्यासाठी असा फोन उचलणारा कुणी कंपनीनं बसवलेला नसतो. तो नंबर उचलणारा गोड बोलेल, दुरून संगणक पाहण्याचं ॲप टाकायला सांगेल आणि मग पडद्यावर ओटीपी येण्याची वाट पाहील. 'तुमचा ब्राउझर जुना झाला, इथे टिचकी मारा' असं सांगणारी पानंही बनावट असतात. खरा ब्राउझर आपल्याच मेनूतून अपडेट होतो. पैसे गेले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, लाज बाळगू नका, उशीर करू नका.

आमच्या केंद्रात आता दोन ब्राउझर टाकलेले असतात आणि दोन्हींवर पोर्टलं उघडून पाहिलेली असतात. बुकमार्क महिन्याला एकदा फाइल करून पेन ड्राइव्हवर जातात. पासवर्ड कुलूप असलेल्या कपाटातल्या वहीत. क्रोममधून पासवर्डांची फाइल काढता येते, पण ती कुणालाही वाचता येते, म्हणून ती संगणकावर ठेवत नाही. प्रत्येक पोर्टलला जोडलेला मोबाइल नंबर कुठला आणि ते सिम कुणाकडे, हे त्याच वहीत लिहिलेलं आहे. यूपीएसची बॅटरी जूनमध्ये, पेरणीच्या आधी तपासून घेतो.

आणि दुरुस्तीवाला बोलवावा लागलाच, तर तो येण्याआधी पडद्यावर काही संदेश आला असेल तर त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, शेवटचं नीट केव्हा चाललं होतं ते लिहा, दुसरा ब्राउझर उघडतो का ते पाहून ठेवा. तो आल्यावर एवढंच म्हणा : दादा, काय करायचं ते करा, फक्त काही पुसायच्या आधी मला विचारा, आणि फॉरमॅट करायचं असेल तर आधी पासवर्ड काढून घेऊ द्या.