पाहुणा किती पिढ्या पाहुणा?

प्रश्न : काशीयात्रेत आम्ही दूधविनायक भागात एका मराठी कुटुंबाकडे उतरलो होतो. एकाच गल्लीत मराठी, नेपाळी, बनारसी सगळे सुखानं नांदताना दिसले. मी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. एमआयडीसीमुळे गावात बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं वाढली आहेत. त्यांना वाचनालयात आणायचा विषय निघाला की बैठकीत दोन तट पडतात. काशीला हे कसं जमलं? आणि आपल्याला जमेल का?
— एक वाचक, चाकण परिसर

उत्तर : काशीला जमलं, पण तुम्हाला वाटतं तितक्या सुखानं नाही. शिवाय ज्यांच्या बाबतीत जमलं ती माणसं तुमच्या गावच्या कामगारांसारखी रिकाम्या हातानं आलेली नव्हती. त्यामुळे नमुना जसाच्या तसा उचलता येणार नाही. तरी एक गोष्ट तिथून नक्की घेण्यासारखी आहे, तिच्याकडे येतो.

तुम्ही राहिलात तो भाग पंचगंगा घाटाच्या मागचा. रामघाट, दुर्गाघाट, ब्रह्माघाट आणि दूधविनायक या पट्ट्यात मराठी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत. पंचगंगेवरचं आजचं बिंदुमाधवाचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. विश्वनाथाचं देऊळ अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात उभं केलं. घाटांच्या नावांत भोसले आहेत, शिंदे आहेत. नेपाळ्यांचंही तसंच. ललिता घाटावरचं लाकडी कोरीवकामाचं पशुपतिनाथाचं देऊळ नेपाळच्या राजघराण्यानं बांधवलं. विश्वेश्वरप्रसाद कोइराला आणि कृष्णप्रसाद भट्टराई, नेपाळचे हे दोन्ही पंतप्रधान बनारसमध्ये जन्मलेले. भानुभक्ताचं नेपाळी रामायण मोतीराम भट्टांनी 1887 मध्ये छापून काढलं तेही काठमांडूत नव्हे, बनारसमध्ये. परक्या शहरातल्या छापखान्यातून एका भाषेचा आद्य ग्रंथ बाहेर पडला.

देऊळ, घाट, अन्नछत्र, वाडा हे ज्याचं त्यानं, आपल्या राजाच्या पैशानं उभं केलं. त्यासाठी काशीला काही सोडावं लागलं नाही, जागा दिली की झालं. तुमच्या तटांपैकी एक तट बहुधा एवढंच म्हणत असेल : त्यांनी त्यांचं मंडळ काढावं, छठपूजा करावी, आमची हरकत नाही. हे सामावून घेणं नव्हे, ही शेजारधर्माची पहिली पायरी. सार्वजनिक संस्थेची कसोटी लागते ती शहराच्या सामाईक संस्थेत बाहेरून आलेल्याला कुठली जागा मिळते तिथे.

आणि इथे काशीनं खरोखर मोठेपणा दाखवला. 1791 मध्ये स्थापन झालेल्या बनारसच्या संस्कृत कॉलेजात महाराष्ट्रातून आलेले बापूदेवशास्त्री 1842 पासून गणित आणि ज्योतिष शिकवत होते. पण मला जास्त महत्त्वाचं उदाहरण वाटतं ते बाबूराव विष्णु पराडकरांचं. मूळ घराणं कोकणातलं, जन्म 1883 मध्ये काशीत, घरात मराठी. तरुणपणी कलकत्त्याला हिंदी वृत्तपत्रांत काम, क्रांतिकारकांशी संबंध म्हणून स्थानबद्धता, आणि 1920 मध्ये शिवप्रसाद गुप्तांनी काशीत ‘आज’ सुरू केलं तेव्हा त्यात प्रवेश. पुढं ते ‘आज’चे असे संपादक झाले की हिंदी पत्रकारितेत त्यांना संपादकाचार्य म्हणतात. 1938 मध्ये हिंदी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. आज काशीच्या पत्रकार संघाची वास्तू मैदागिनला आहे, तुम्ही उतरलात तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. तिचं नाव ‘पराडकर स्मृति भवन’. काशीचेच लक्ष्मण नारायण गर्दे यांचंही हिंदी पत्रकारितेतलं स्थान असंच मोठं.

याचा अर्थ नीट बघा. पराडकरांना काशीनं मराठी माणूस म्हणून वर्षातून एकदा मंचावर बसवून शाल दिली नाही. शहराच्या मुख्य वर्तमानपत्राची लेखणी त्यांच्या हाती दिली, आणि हिंदी कशी लिहायची हे एका मराठी घरातल्या माणसाकडून शिकून घेतलं. त्यांनीही त्यासाठी घरातली मराठी टाकली नाही. काशीतून घेण्यासारखी गोष्ट म्हणालो ती ही : कामात आणि निर्णयात वाटा. उत्सवातला वाटा त्यामानानं स्वस्त असतो. 2022 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात काशीत महिनाभर ‘काशी तमिळ संगमम्’ झालं, तमिळनाडूतून गाड्या भरून लोक आले. असे सोहळे व्हावेत, माझा विरोध नाही. पण हनुमान घाटाजवळ पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या तमिळ घरांचा शहराच्या रोजच्या कारभारात वाटा किती, हे अशा महिन्यावरून कळत नाही.

आता दुसरी बाजू. बापूदेवशास्त्री संस्कृत घेऊन आले आणि काशीत संस्कृतला किंमत होती. पराडकरही शिकल्या-सवरल्या ब्राह्मण घरातले. तरीही दार आपसूक उघडलं असं नाही. एकनाथी भागवत 1573 मध्ये काशीत पूर्ण झालं. प्राकृतात भागवत लिहिलं म्हणून पंडितांनी आधी एकनाथांना जाब विचारला आणि पटल्यावर ग्रंथाची मिरवणूक काढली, अशी कथा परंपरेनं जपली आहे. मला त्या कथेत मिरवणुकीपेक्षा आधीचा जाब जास्त खरा वाटतो. आणि आलेल्यांच्या आपसातल्या उतरंडीचं काय? सतराव्या शतकात कोकणातल्या देवरुखे ब्राह्मणांना पंक्तीला घ्यायचं की नाही हा वाद काशीत विश्वेश्वराच्या मुक्तिमंडपात निर्णयासाठी गेला होता, आणि निर्णय देणाऱ्यांत दक्षिणेतून आलेले पंडित ठळक होते. म्हणजे स्थलांतर करून आलेले लोक आपलं गावचं भांडण सोबत घेऊन आले आणि नव्या शहराच्या सर्वांत प्रतिष्ठित सभेत ते मांडलं.

तुमच्या गावाला हे थेट लागू आहे. ‘उत्तर भारतीय समाज’ म्हणून तुम्ही एका ठेकेदाराला किंवा मंडळाच्या अध्यक्षाला बैठकीला बोलवाल आणि समाज आला असं समजाल. ओडिशाहून आलेला वेल्डर, खोलीवर स्वयंपाक करणारी त्याची बायको, बिहारमधल्या वेगळ्या जातीचा हमाल, यांच्यातला कुणीही त्या अध्यक्षाला आपला मानत असेलच असं नाही.

तर करायचं काय? वाचनालयाचा सभासद अर्ज काढून समोर ठेवा. पत्त्याचा पुरावा, अनामत, दोन जुन्या सभासदांची शिफारस, असं काय काय लिहिलं आहे ते पाहा. भाड्याच्या खोलीत चौघांबरोबर राहणाऱ्याकडे वीजबिल नसतं, त्याच्या आधारकार्डावर दरभंग्याचा पत्ता असतो, आणि गावात त्याला ओळखणारे दोन सभासद कुठून मिळणार? कंपनीचं ओळखपत्र किंवा मुलाच्या शाळेचा दाखला चालेल, एवढं एक वाक्य अर्जात घातलंत तर वर्षभराच्या ‘एकात्मता सप्ताहां’पेक्षा जास्त काम होईल. मग टेबल : एक हिंदी दैनिक, जमलं तर एक ओडिया साप्ताहिक. सुट्टीच्या दिवशी वाचनालय दुपारी बंद असेल तर ते उघडं ठेवा, कारण कामगाराला तीच वेळ मिळते.

न्यूयॉर्कमध्ये क्वीन्स भागाच्या सार्वजनिक ग्रंथालयानं नव्यानं आलेल्यांसाठी 1977 पासून स्वतंत्र उपक्रम चालवला आहे. त्यात त्यांच्या भाषांतली पुस्तकं आहेत आणि इंग्रजी शिकण्याचे वर्गही. बर्लिनच्या संग्रहालयांनी 2015 मध्ये ‘मुलताका’ या नावानं सीरिया-इराकमधून आलेल्या निर्वासितांनाच मार्गदर्शक म्हणून तयार केलं. ते आपल्या लोकांना अरबीत संग्रहालय दाखवू लागले. पैसे असलेल्या देशांची उदाहरणं म्हणून नाक मुरडू नका. मुंबई महापालिका मराठीसह आठ भाषांच्या माध्यमांतून शाळा चालवते. आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याच्या सोयी कराव्यात असं राज्यघटनेचं 350क कलम 1956 पासून सांगतं.

तुमच्या दुसऱ्या तटाची भीती मी ओळखतो : मराठी वाचनालय हिंदी होऊन जाईल. 2011 च्या जनगणनेत राज्यात मराठी मातृभाषा सांगणारे 69 टक्क्यांच्या आसपास, हिंदी सांगणारे 13 टक्क्यांच्या आसपास आहेत. भीती अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. शहरांत दुकानांत आणि रिक्षांत मराठी मागे पडताना रोज दिसते. पण त्यावर वाचनालयाचं दार बंद करणं हा उलटा उपाय झाला. या मुलांना परीक्षेशिवाय, छडीशिवाय, कुणी हसेल या भीतीशिवाय मराठी वाचायला मिळेल अशी गावात दुसरी जागा कोणती आहे? शाळेत मराठीचे गुण असतात, चौकात मराठीवरून दमदाटी असते. वाचनालयात ‘फास्टर फेणे’ असतो. हिंदी दैनिक वाचायला येणाऱ्या बापाबरोबर पोरगं येईल, आणि मराठीकडे वळलं तर तेच वळेल.

राहिला तुमच्या बैठकीतला वाद. माझ्या मते खरा तिढा वाचनालयाच्या घटनेत आहे. बऱ्याच वाचनालयांत महिना वर्गणी देऊन पुस्तकं नेणारा ‘वर्गणीदार’ आणि सर्वसाधारण सभेत मत देणारा ‘सभासद’ हे दोन वेगळे वर्ग असतात, आणि आजीव सभासदत्व काही जुन्या घरांत फिरत राहतं. तुमच्याकडे तसं असेल तर हिंदी पुस्तकांचं कपाट आणूनही दहा वर्षांनी कार्यकारिणीत तीच आडनावं दिसतील. आणि यात तुमच्या गावातले भूमिपुत्र पण वाचनालयाबाहेर राहिलेले लोकही आले, हे विसरू नका. दलित वस्तीतले किती सभासद मत देतात ते आधी मोजा. सलग तीन वर्षं वर्गणी भरणाऱ्याला मताचा हक्क, अशी दुरुस्ती पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या. नोटीस मुदतीत काढा, इतिवृत्तात ठराव शब्दशः लिहा, आणि धर्मादाय कार्यालयात नोंद व्हायला वेळ लागतो हे धरून चला.