एजंटाच्या कागदावर सही करण्याआधी

अगं, इन्स्टाग्रामवर एजंटाचा मेसेज आला म्हणून हुरळून जाऊ नकोस, आणि घाबरूही नकोस. 1 जुलै 2021 पासून अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेने, एनसीएएने, कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमवायची मोकळीक दिली. तेव्हापासून टीमच्या यादीत नाव झळकलं की असे मेसेज येतातच. त्याआधी जाहिरातीचे पैसे घेणाऱ्याचं कॉलेजकडून खेळणं बंद व्हायचं. तुझ्या आईच्या डोक्यात अजून तोच काळ आहे, म्हणून ती दचकते. तिची समजूत मी घालतो. तू एवढंच धर, की एजंट तुझ्यासाठी राबणार असला तरी कराराचा कागद त्याच्या वकिलाने लिहिलेला असतो. माणूस किती गोड बोलतो ते नंतर, आधी कागद.

बहुतेक राज्यांत खेळाडूंच्या एजंटाला सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. त्याचं नाव तिथे आहे का ते बघ. नसेल तर पुढचं बोलणंच नको. 'मी बघतो ना तुझं सगळं' म्हणणारा कुणाचा तरी रूममेट असला तरी त्यालाही हाच नियम.

मग करारात तो नेमकं काय करणार ते वाच. जाहिरातींचे सौदे ठरवायला एजंट ठेवलेला चालतो. पण उद्या व्यावसायिक टेनिससाठी तुझ्या वतीने बोलणी करायचा अधिकार त्याच कागदात घुसडलेला असला, तर कॉलेजकडून खेळायचा तुझा हक्क धोक्यात येऊ शकतो. 'सर्व प्रकारचं प्रतिनिधित्व' असं काही दिसलं की ते खोडायला लाव. 'फक्त जाहिराती आणि प्रायोजकत्व' एवढंच हवं, आणि तेही कॉलेजात असेपर्यंतच.

कमिशनचं सांगतो. एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या खेळाडू संघटनेने खेळाडूच्या क्लबबरोबरच्या करारावर एजंटाला 3 टक्क्यांची वेसण घातली आहे. जाहिरातींना तशी वेसण नाही. तिथे 10 ते 20 टक्के सर्रास चालतात. सगळे टक्क्यांवरच घासाघीस करत बसतात, पण खरी मेख 'कशावर' यात असते. कॅम्पससमोरच्या दुकानदाराने तुझा खेळ बघून स्वतःहून विचारलं, त्यातही एजंटाचा वाटा? करार संपल्यावर त्याच ब्रँडने पुन्हा बोलावलं, तेव्हाही? या दोन्हींची उत्तरं कागदावर लिहून घे.

आगाऊ रकमेला तर अजिबात भुलू नकोस. फ्लोरिडाच्या फुटबॉल टीममधल्या गर्वन डेक्स्टरने 2022 मध्ये एका कंपनीकडून 4,36,485 डॉलर घेतले आणि बदल्यात पुढच्या 25 वर्षांच्या एनएफएल कमाईतले, टॅक्स कापण्याआधीचे, 15 टक्के लिहून दिले. वर्षभरात तो शिकागोच्या टीममध्ये गेला आणि करार रद्द करा म्हणून कोर्टाची पायरी चढला. कॉलेजातल्या पोराच्या हातात एवढी रक्कम ठेवली तर पंचवीस वर्षांचा हिशेब कोण करतं? कंपनीने मात्र तो करून ठेवलेला असतो.

सही केलीसच, तर 72 तासांच्या आत कॉलेजच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला कळव. त्याआधी मॅच असेल तर मॅचच्या आधी. एजंटांचा समान कायदा ज्या राज्यांत लागू आहे, तिथे सहीनंतर 14 दिवसांत करार रद्दही करता येतो. ती तारीख फोनमध्ये टाकून ठेव. शिवाय तुमचं कॉलेज पहिल्या डिव्हिजनमधलं, तेव्हा बाहेरच्या कंपनीचा 600 डॉलर किंवा त्याहून मोठा सौदा 'एनआयएल गो' पोर्टलवर नोंदवावा लागेल. ते काम एजंट करणार की तू, हेही आधीच ठरव.

टॅक्स हा माझा प्रांत. धर, ब्रँडने 5,000 डॉलर दिले आणि 1,000 एजंटाचे गेले. उरलेल्या 4,000 वर इन्कम टॅक्स कदाचित लागणारही नाही, पण स्वयंरोजगाराचा टॅक्स सुमारे 565 डॉलर भरावाच लागेल. कमिशन खर्चात धरता येतं, म्हणून त्याची पावती जपून ठेव. आणि रॅकेट, बूट 'फुकट' आले तरी पोस्ट टाकायच्या बदल्यात मिळालेल्या वस्तूंची किंमत उत्पन्नातच मोजतात. हे एजंट सांगत नाहीत, कारण त्यांना विचारणारं कुणी नसतं.

तुझी पुण्याची डबल्सची जोडीदारीण एफ-1 व्हिसावर आहे, तिला यातलं काहीही जसंच्या तसं सांगू नकोस. तुला जन्मामुळे नागरिकत्व आहे, तिला नाही. विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत जाहिरातीचं काम केलं तर व्हिसाच जाऊ शकतो. परड्यूचा बास्केटबॉलपटू झॅक एडी कॅनडाचा, देशभर नावाजलेला, तरी याच कारणाने त्याला इथे हात आखडता घ्यावा लागला. तशीच अडचण असलेल्या केंटकीच्या ऑस्कर शिबवेने 2022 च्या उन्हाळ्यात टीमबरोबर बहामाला गेल्यावर तिथे सौदे उरकले. तिने एजंटाचं नव्हे, आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसचं ऐकावं, आणि इमिग्रेशनच्या वकिलाचं.

'ऑफर आजच्यापुरतीच आहे' असं एजंट म्हणाला तर त्याला खुशाल जाऊ दे. नाहीतर पीडीएफ मला पाठव. एप्रिलची पंधरा तारीख सोडून मी कधीही वाचेन.