मित्रकीटकांची खरेदी आणि प्रकल्प व्यवस्थापन : जबाबदाऱ्या, कार्यपद्धती आणि करिअरच्या संधी

प्रस्तावना

जैविक कीड नियंत्रणाचा विचार करताना प्रयोगशाळा, मित्रकीटक आणि शेत या तीन गोष्टी सहज डोळ्यांसमोर येतात. या तिन्हींना जोडणारे काम मात्र क्वचितच चर्चेत येते. योग्य प्रजातीची मागणी नोंदविणे, तिच्या आयातीसाठी परवाना मिळविणे, वाहतुकीची व्यवस्था लावणे, उत्पादनाचे वेळापत्रक आखणे, निधीचा हिशेब ठेवणे आणि पिकाच्या नेमक्या अवस्थेत मित्रकीटक बांधापर्यंत पोहोचविणे, ही सर्व कामे खरेदी व प्रकल्प व्यवस्थापनाच्या कक्षेत येतात. खत किंवा अवजार आठवडाभर उशिरा आले तर गैरसोय होते. परोपजीवी कीटकांची पेटी तीन दिवस गोदामात अडकली तर आतील कीटक मरतात आणि हंगाम हातचा जातो. म्हणून सजीव निविष्ठांच्या खरेदीला स्वतंत्र शिस्त लागते. बंगळूरच्या हेब्बाळ परिसरातील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोचे कार्य या शिस्तीचे उत्तम उदाहरण आहे.

हेब्बाळ येथील संस्थेची वाटचाल

बंगळूर येथे राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेचे भारतीय केंद्र 1957 मध्ये सुरू झाले. 1977 मध्ये जैविक नियंत्रणावरील अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प आकारास आला. 1993 मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालयाची स्थापना केली. त्याचे 2009 मध्ये ब्यूरोत रूपांतर झाले आणि 2014 पासून सध्याचे नाव रूढ झाले. समन्वित प्रकल्पाचे देशभरातील कामकाज येथूनच जुळविले जाते; महाराष्ट्रात पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील केंद्र त्यात सहभागी आहे. एका ठिकाणी नियोजन आणि अनेक ठिकाणी अंमलबजावणी असे या कामाचे स्वरूप असल्याने व्यवस्थापनाची गुणवत्ता येथे संशोधनाइतकीच निर्णायक ठरते.

उदाहरण पहिले : पपईवरील पिठ्या ढेकूण

मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील *पॅराकॉकस मार्जिनॅटस* ही कीड भारतात 2008 मध्ये तमिळनाडूतील कोईम्बतूर येथे आढळली. पपईबरोबरच तुती, टॅपिओका आणि इतर अनेक पिकांवर तिचा प्रसार झाला. पुढे महाराष्ट्रातील पपई बागांनाही तिचा फटका बसला. अंगावरील मेणचट आवरणामुळे फवारणीचा परिणाम अपुरा राहत असे. शिवाय वारंवार फवारणीने स्थानिक मित्रकीटकांचेच नुकसान होत असे. तुतीच्या बाबतीत तर रेशीमकीटकांमुळे कीटकनाशक वापरण्यास फार मर्यादा होत्या.

या किडीचे प्रभावी परोपजीवी कीटक भारतात उपलब्ध नव्हते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सहकार्याने *ॲसेरोफॅगस पपायी*, *स्यूडलेप्टोमॅस्टिक्स मेक्सिकाना* आणि *ॲनागायरस लोएकी* या तीन प्रजाती जुलै 2010 मध्ये प्यूर्टो रिको येथून बंगळूरला आणण्यात आल्या. संगरोध, तपासणी आणि गुणन या पायऱ्या पार करून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचे शेतातील प्रसारण सुरू झाले. तिघांपैकी *ॲसेरोफॅगस पपायी* ही प्रजाती सर्वाधिक यशस्वी ठरली. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आर्थिक अभ्यासात या कार्यक्रमाचा पाच वर्षांचा लाभ 52.4 कोटी ते 134 कोटी अमेरिकी डॉलर इतका अंदाजण्यात आला.

व्यवस्थापनाच्या दृष्टीने या घटनाक्रमातील दोन कालावधी लक्षात घेण्यासारखे आहेत. किडीची नोंद होण्यापासून परोपजीवी देशात येईपर्यंत सुमारे दोन वर्षे लागली, तर परोपजीवी आल्यापासून शेतात सोडण्यापर्यंत केवळ तीन महिने. सजीवाचे गुणन वेगाने होते. वेळ जातो तो ओळख, करार, परवाने आणि समन्वय यांत. शेतकऱ्याचे नुकसान या पहिल्या टप्प्यातच वाढत असते. म्हणूनच प्रकल्प व्यवस्थापकाचे खरे कौशल्य तेथे कसाला लागते.

उदाहरण दुसरे : टॅपिओकावरील पिठ्या ढेकूण

*फेनाकॉकस मॅनिहोटी* ही कीड 2020 मध्ये केरळमधील त्रिशूर येथे प्रथम नोंदविली गेली. या वेळी उत्तर शोधण्याची गरज नव्हती. आफ्रिकेत 1981 पासून *ॲनागायरस लोपेझी* या परोपजीवी कीटकाच्या साह्याने हीच कीड आटोक्यात आणली गेली होती आणि त्या कार्यक्रमाचे प्रणेते हान्स हेरेन यांना 1995 मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला होता. बेनिनमधील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेकडून 2021 मध्ये हा परोपजीवी हेब्बाळला आणला गेला. मार्च 2022 मध्ये तमिळनाडूतील सेलम जिल्ह्यात येथापूर येथे त्याचे प्रसारण सुरू झाले. महासाथीच्या काळात आंतरराष्ट्रीय वाहतूक विस्कळीत असतानाही हे काम पूर्ण झाले, हे विशेष.

आयातीची साखळी आणि त्यातील जबाबदाऱ्या

विनाशकारी कीटक व कीड अधिनियम, 1914 आणि त्याखालील वनस्पती संगरोध आदेश, 2003 यांच्या चौकटीत जिवंत कीटकांची आयात होते. आंतरराष्ट्रीय पातळीवर वनस्पती संरक्षण कराराचे तिसरे मानक यासाठी मार्गदर्शक आहे. प्रत्यक्ष कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असतो.

1. ओळख निश्चिती : किडीची व अपेक्षित मित्रकीटकाची ओळख वर्गीकरणतज्ज्ञाकडून पक्की करून घेणे. येथील चूक पुढील सर्व खर्च वाया घालविते.
2. परवाना : वनस्पती संरक्षण सल्लागारांकडे अर्ज करणे. प्रजाती, स्रोत, प्रयोजन, संख्या आणि संगरोध सुविधा यांचा तपशील त्यात स्पष्ट असावा लागतो.
3. वाहतूक : शक्यतो परोपजीवींची कोषावस्था पाठविणे, तापमान, विमानाची वेळ आणि सुट्टीचे दिवस आधीच तपासणे, विमानतळावर कागदपत्रांसह जबाबदार व्यक्ती हजर ठेवणे.
4. संगरोध : आलेल्या पेटीत परोपजीवीवर जगणारा दुसरा परोपजीवी किंवा अन्य परका कीटक नाही याची खात्री करणे. यासाठी बंदिस्त प्रयोगशाळेत नवी पिढी वाढविली जाते आणि मूळ सामग्री नष्ट केली जाते.
5. सुरक्षितता चाचणी : मधमाशी, रेशीमकीटक यांसारख्या उपयुक्त कीटकांना धोका नाही हे पाहणे आणि त्यानंतरच प्रसारणाची परवानगी घेणे.
6. गुणन व वितरण : यजमान कीड पुरेशा प्रमाणात वाढविणे, कृषी विद्यापीठे व कृषी विज्ञान केंद्रांना पहिली खेप देणे आणि तेथे पुढील गुणनाची सोय करणे.

यांपैकी चौथी व पाचवी पायरी कोणत्याही दबावाखाली वगळता येत नाही. सदोष पंप परत पाठविता येतो. शेतात सोडलेला कीटक परत बोलाविता येत नाही. शेतकरी अडचणीत असताना घाई करण्याचा मोह होतो. वेळ वाचवायचा असेल तर तो कागदपत्रांच्या पूर्वतयारीत वाचवावा, तपासणीत नव्हे.

खरेदीचे नियम आणि सजीव वस्तू

केंद्रीय संस्थांमधील खरेदी सामान्य वित्तीय नियम, 2017 नुसार होते. त्यातील नियम 144 मध्ये सार्वजनिक खरेदीची मूलतत्त्वे दिली आहेत : कार्यक्षमता, काटकसर, पारदर्शकता, पुरवठादारांना समान वागणूक आणि स्पर्धा. नियम 149 नुसार शासकीय ई-बाजारपेठेवर उपलब्ध असलेल्या वस्तू तेथूनच घ्याव्या लागतात. नियम 166 मध्ये एकल निविदेची तरतूद आहे. जगात एकाच ठिकाणी उपलब्ध असलेल्या वस्तूसाठी तिचा उपयोग होतो, मात्र त्याचे लेखी समर्थन नोंदवावे लागते. आर्थिक मर्यादा वेळोवेळी बदलत असल्याने प्रत्येक वेळी अद्ययावत आदेश पाहणे आवश्यक आहे.

नियमांत 'सर्वात कमी दर' महत्त्वाचा असला, तरी तो विनिर्देश पूर्ण करणाऱ्यांमधील सर्वात कमी दर असतो. सजीव निविष्ठांच्या खरेदीतील बहुतेक अपयशांचे मूळ कमकुवत विनिर्देशात सापडते. ट्रायकोडर्मासारख्या सूक्ष्मजीवांवर आधारित उत्पादनांना कीटकनाशक अधिनियम, 1968 खाली नोंदणी लागते. परोपजीवी व परभक्षी कीटकांना मात्र अशी नोंदणी लागत नाही. त्यामुळे त्यांच्या गुणवत्तेची राखण मुख्यतः खरेदीदाराच्या विनिर्देशावर अवलंबून असते.

ट्रायकोकार्डचे उदाहरण

समजा, एका शेतकरी उत्पादक कंपनीला 100 हेक्टर उसावरील खोडकिडीसाठी ट्रायकोग्रामाचे एक प्रसारण करायचे आहे. हेक्टरी 50,000 प्रमाणे 50 लाख परोपजीवीग्रस्त अंडी, म्हणजे प्रत्येकी 20,000 अंड्यांची 250 कार्डे लागतील. आता दोन काल्पनिक दरपत्रके पाहू. पहिला पुरवठादार कार्ड 80 रुपयांना देतो, पण कीटक बाहेर पडण्याचे प्रमाण 60 टक्के आहे. दुसऱ्याचा दर 100 रुपये आणि प्रमाण 90 टक्के आहे. पहिल्या कार्डातून 12,000, तर दुसऱ्यातून 18,000 कीटक मिळतील. एक हजार जिवंत कीटकांचा खर्च पहिल्याकडे सुमारे 6.67 रुपये आणि दुसऱ्याकडे 5.56 रुपये येतो. स्वस्त वाटणारे कार्ड प्रत्यक्षात महाग पडले. शिवाय संरक्षण अपुरे राहून पिकाचे जे नुकसान होईल ते वेगळेच.

म्हणून मागणीपत्रात पुढील बाबी असाव्यात :

- प्रजातीचे पूर्ण शास्त्रीय नाव आणि मूळ संवर्धनाचा स्रोत
- परोपजीवीकरणाची तारीख आणि कीटक बाहेर पडण्याची अपेक्षित तारीख
- परोपजीवीकरणाचे व कीटक बाहेर पडण्याचे किमान प्रमाण, तसेच माद्यांचे प्रमाण
- वाहतुकीतील तापमान आणि पोहोचविण्याची कमाल मुदत
- प्रत्येक खेपेतील नमुना कार्ड तपासून मगच देयक अदा करण्याची अट
- एकाच दिवशी सर्व पुरवठा न मागता प्रसारणाच्या वेळापत्रकानुसार टप्प्याटप्प्याने पुरवठा

नमुना तपासणी अवघड नाही. कार्डाचा छोटा तुकडा काचेच्या नळीत कापसाने बंद करून सावलीत ठेवावा. काळी पडलेली अंडी आणि छिद्र पडलेली अंडी भिंगाखाली मोजल्यास बाहेर पडलेल्या कीटकांचे प्रमाण समजते. ही नोंद तारखेसह जतन करावी.

देशांतर्गत समन्वयाचा धडा : लोकरी मावा

2002 मध्ये पश्चिम महाराष्ट्रातील उसावर लोकरी माव्याचा उद्रेक झाला. *डिफा ॲफिडिव्होरा* आणि *मायक्रोमस इगोरोटस* हे परभक्षी शेतातच आढळले, तर *एन्कार्सिया फ्लाव्होस्कुटेलम* हा परोपजीवी ईशान्य भारतातून आणला गेला. येथे परदेशी आयातीचा प्रश्न नव्हता. काम होते ते मित्रकीटक असलेली शेते ओळखण्याचे, तेथे फवारणी थांबविण्याचे आणि पानांसह मित्रकीटक दुसऱ्या शेतात पोहोचविण्याचे. कृषी विद्यापीठे, कृषी विभाग, साखर कारखाने आणि शेतकरी यांच्यातील समन्वय हीच खरी निविष्ठा ठरली. पैशाने विकत न घेता येणारी सामग्रीही व्यवस्थापनाने मिळविता येते, हा यातील बोध आहे.

या क्षेत्रातील करिअर

*संशोधन संस्थेत :* कृषी वैज्ञानिक भरती मंडळाच्या परीक्षेतून येणारा वैज्ञानिक प्रकल्पाचा प्रमुख अन्वेषक होतो. तांत्रिक उद्दिष्टे, विनिर्देश आणि निष्कर्ष यांची जबाबदारी त्याची असते. प्रशासकीय अधिकारी आणि वित्त व लेखा अधिकारी यांची भरतीही हेच मंडळ करते. भांडार व खरेदी विभाग निविदा, पुरवठा आदेश आणि साठा नोंदवही सांभाळतो. प्राधान्यक्रम, संनियंत्रण व मूल्यमापन कक्ष प्रकल्पांच्या प्रगतीचा आढावा घेतो. नव्याने येणाऱ्यांसाठी संशोधन अधिछात्र आणि यंग प्रोफेशनल ही प्रवेशद्वारे आहेत. ही पदे मुदतीची असली, तरी त्यांतून मिळणारा अनुभव पुढे उपयोगी पडतो.

*संस्थेबाहेर :* शेतकरी उत्पादक कंपन्या, साखर कारखाने, जैविक निविष्ठा उत्पादक आणि स्वयंसेवी संस्था यांना निविष्ठा खरेदी जाणणारे कृषी पदवीधर हवे असतात. स्वतःची ट्रायकोकार्ड प्रयोगशाळा चालविणाऱ्या ग्रामीण उद्योजकासही हीच कौशल्ये लागतात. फरक इतकाच की तो पुरवठादाराच्या बाजूने उभा असतो.

*शिक्षण व प्रशिक्षण :* कृषी पदवीनंतर व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी पुण्यातील वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकार व्यवस्थापन संस्था आणि हैदराबाद येथील राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्था ही नामांकित केंद्रे आहेत. वैज्ञानिकांना हैदराबादच्याच राष्ट्रीय कृषी संशोधन व्यवस्थापन अकादमीत प्रशिक्षण मिळते. पदव्यांपेक्षाही तीन सवयी अधिक मोलाच्या ठरतात : प्रत्येक निर्णयाची तारीखवार नोंद, विषय न समजल्यास तज्ज्ञाला विचारण्याची तयारी आणि पुरवठादाराशी हितसंबंध असल्यास ते आधीच जाहीर करणे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी कृतिसूची

- हंगामाच्या किमान दोन महिने आधी गावनिहाय मागणी एकत्र करावी. प्रयोगशाळेला यजमान कीटक वाढविण्यास वेळ लागतो.
- प्रसारणाची तारीख पेरणीच्या व किडीच्या सर्वेक्षणाच्या आधारे ठरवावी. आर्थिक वर्षअखेरीस उरलेला निधी खर्च करण्यासाठी खरेदी करू नये.
- कार्डे स्वीकारणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि पर्यायी व्यक्ती आधीच निश्चित करावी.
- प्रसारणाच्या आधी व नंतर शेतात कीटकनाशक फवारले जाणार नाही, याची शेजारच्या शेतकऱ्यांसह खात्री करावी.
- नवी, अपरिचित कीड दिसल्यास नमुना त्वरित कृषी विज्ञान केंद्राकडे द्यावा. पपईच्या उदाहरणात गेलेली दोन वर्षे कमी करण्याची सुरुवात बांधावरील वेळेवर केलेल्या नोंदीपासूनच होते.

समारोप

मित्रकीटक शेतात स्थिरावला की त्यामागील परवाने, पावत्या आणि वेळापत्रके कोणाच्या लक्षात राहत नाहीत. तरीही पपईच्या बागा वाचल्या त्या कीटकशास्त्रज्ञाच्या ज्ञानाइतक्याच, पेटी वेळेवर सोडवून आणणाऱ्या आणि हिशेब चोख ठेवणाऱ्या हातांमुळे. गावपातळीवर हीच शिस्त अंगी बाणविल्यास मित्रकीटकांवर केलेला खर्च सत्कारणी लागेल आणि जैविक नियंत्रणावरील शेतकऱ्यांचा विश्वास दृढ होईल.