हौदातला समुद्र

पाटण गावापाशी केरा नदी कोयनेला मिळते. वारा पडलेला असला म्हणजे नदीतील एखादा डोह आरशासारखा निश्चल दिसतो. काठावरून कोणी खडा टाकावा, तो लगेच पाण्यावर वर्तुळे उमटतात आणि एकामागून एक काठाकडे धावू लागतात. पाहणाऱ्याला वाटते, पाणीच धावत आहे. पण पाण्यावर तरंगणाऱ्या वाळक्या पानाकडे नीट लक्ष द्यावे. ते जागच्या जागी वरखाली डोलते. लाटेबरोबर काठाला येऊन लागत नाही. पुढे जाते ती केवळ हालचाल. पाणी मात्र बहुतांशी आपली जागा सोडत नाही.

पाटणच्या पश्चिमेस कोयनानगर येथे कोयनेवर मोठे धरण आहे. त्याच्या शिवसागर जलाशयावर वारा वाहू लागला, की डोहातील तरंगांहून पुष्कळच मोठ्या लाटा उठतात. लाटेचा आकार तीन गोष्टींवर अवलंबून असतो : वाऱ्याचा जोर किती, तो किती वेळ वाहिला आणि पाण्यावरून अडथळ्यावाचून किती अंतर गेला. म्हणूनच धरणाचा माथा भरलेल्या पाण्याच्या पातळीहून बराच उंच ठेवतात. डोंगरांच्या कुशीतील जलाशयाची ही कथा. मग जेथे शेकडो कोस वाऱ्याला अडवणारे काही नाही, त्या समुद्राची गोष्ट काय सांगावी!

असा समुद्र घरात आणता येईल काय? प्रश्न वेडगळ वाटतो. परंतु तो विचारणारी माणसे वेडी नव्हती. इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड या अभियंत्याने १८७२ च्या सुमारास एक लांब हौद बांधला आणि त्यात जहाजांच्या लहान प्रतिकृती ओढून पाहिल्या. आपल्याकडे पुण्याजवळ खडकवासला येथे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. त्याचा आरंभ १९१६ साली झाला. तेथे नद्या, धरणे आणि बंदरे यांच्या लहान प्रतिकृती रचून त्यांत पाणी खेळवतात व लाटा उठवतात. बंदराची भिंत समुद्रात उभारण्यापूर्वी तिची परीक्षा सह्याद्रीच्या पायथ्याशी होते!

प्रतिकृती लहान करताना मात्र एक नियम पाळावा लागतो. खोल समुद्रात दहा सेकंदांनी एकदा येणाऱ्या लाटेची लांबी सुमारे १५६ मीटर असते. शंभरपट लहान प्रतिकृतीत ती १.५६ मीटर होईल. मग तेथे ती किती वेळाने यावी? दहा सेकंदांच्या शंभराव्या भागाने नव्हे, तर दहाव्या भागाने, म्हणजे एका सेकंदाने. कारण लांबी शंभरपट घटली, की काळ शंभराच्या वर्गमुळाइतका, म्हणजे दहापट घटतो.

मग प्रतिकृती आणखी लहान करून जागा, पाणी आणि पैसा का वाचवू नये? समजा, ती दहा हजारपट लहान केली. आता लाट दीड सेंटिमीटरची उरली. एवढ्या इवल्या लाटेवर गुरुत्वाकर्षणापेक्षा पाण्याच्या पृष्ठताणाचाच अंमल अधिक चालतो. ती दिसते लाटेसारखी, पण वागते निराळी. काटकसर अशी हाताबाहेर गेली, की सत्यच हरवते.

आता हौदाचे काम संगणकही करू लागला आहे. पाणबुडीच्या खेळात मुले जो खवळलेला समुद्र पाहतात, तो पाण्याचा नसून आकड्यांचा असतो. समुद्राच्या पृष्ठभागावर एक जाळे कल्पितात. त्याच्या प्रत्येक बाजूला २५६ बिंदू घेतले, तर एकूण ६५,५३६ बिंदू होतात. लहानमोठ्या अनेक साध्या लाटा एकत्र मिळवून प्रत्येक बिंदूची उंची ठरवावी लागते. बिंदू जितके, तितक्याच लाटा घेतल्या आणि एकेक बेरीज करीत बसले, तर ४२९ कोटी बेरजा होतील. आणि त्याही एका चित्रासाठी! चित्र हलते दिसावे म्हणून अशी अनेक चित्रे दर सेकंदाला लागतात.

या अडचणीतून गणिताने वाट काढली. कूली आणि ट्यूकी या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६५ साली एक जलद रीत प्रसिद्ध केली. एकदा केलेली बेरीज पुनःपुन्हा उपयोगात आणावी, हे तिचे मर्म. या रीतीने तेच काम सुमारे दहा लाख पायऱ्यांत आटोपते. येथे काटकसर झाली, परंतु सत्याला धक्का लागला नाही.

तरीही संगणकाची शक्ती अमर्याद नाही. जाळ्याच्या प्रत्येक बाजूचे बिंदू दुप्पट केले, की एकूण बिंदू चौपट होतात. म्हणून रचनाकार निवड करतो. जवळच्या लाटा बारकाईने, तर क्षितिजाजवळच्या ढोबळपणे काढतो. बारीक तरंगांना उंची न देता केवळ प्रकाशाच्या चमकेने त्यांचा भास निर्माण करतो.

पाणबुडी पाण्याखाली गेल्यावर काय करावे? येथे निसर्गच त्याच्या साह्याला येतो. लाटेखालचे पाणी गोल फिरत असते आणि खाली जावे तसतशी ती वर्तुळे लहान होत जातात. लाटेच्या निम्म्या लांबीइतक्या खोलीवर त्यांचा सुमारे तेविसावा हिस्सा उरतो. वर दोन मीटर उंचीची लाट असली, तरी १५६ मीटर लांबीच्या त्या लाटेखाली ७८ मीटरांवर पाणी जेमतेम ९ सेंटिमीटर हलते. वर तुफान असता पाणबुडी खाली शांत राहते, ती यामुळे. तेव्हा खोल पाण्यात लाटांचे गणित कमी केले तरी चालते.

परंतु एके ठिकाणी तडजोड चालत नाही. पाणबुडी पृष्ठभागाजवळ येऊन पेरिस्कोप वर काढते, तेव्हा डोळ्यांना दिसणारी लाट आणि पाणबुडीला हलवणारी लाट एकच असली पाहिजे. चित्रात लाट चढत आहे आणि पाणबुडी उतरत आहे, असे झाले तर सारा समुद्र खोटा ठरतो. खेळात याने केवळ रसभंग होईल. पण विशाखापट्टणम येथे ‘सातवाहन’ या नौदलाच्या संस्थेत पाणबुडीवरचे नौसैनिक शिक्षण घेतात आणि समुद्रात जाण्यापूर्वी अशाच कृत्रिम यंत्रणेवर सराव करतात. तेथे लाट खोटी असेल, तर हाताला खोटी सवय लागेल. लाट खरी असून चित्र अडखळत असेल, तर निर्णयाला उशीर होईल. दोन्ही चुकांची किंमत पुढे खऱ्या समुद्रात मोजावी लागते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. सर्वच बारकावे राखणे म्हणजे अचूकपणा नव्हे आणि दिसेल ते गाळणे म्हणजे काटकसर नव्हे. ज्याच्यावाचून अर्थ बदलतो ते राखावे. ज्याच्यावाचून बदलत नाही ते सोडावे. हा विवेक हौद बांधणाऱ्याला हवा, तसाच संगणकापुढे बसणाऱ्यालाही हवा. आणि तो शिकण्याचा पहिला धडा नदीकाठी, डोलणाऱ्या पानाकडे पाहूनही गिरवता येतो.

शब्दार्थ
निश्चल – न हलणारा. प्रतिकृती – मूळ वस्तूसारखी केलेली दुसरी वस्तू. पृष्ठताण – द्रवाचा पृष्ठभाग ताणून धरणारा गुणधर्म. मर्म – मुख्य गोष्ट. विवेक – योग्यायोग्य ओळखण्याची बुद्धी.

स्वाध्याय
१. डोहातील पान काठाला येऊन का लागत नाही?
२. प्रतिकृती फारच लहान केल्यास कोणता दोष येतो?
३. ‘काटकसर झाली, परंतु सत्याला धक्का लागला नाही,’ असे लेखक कशाविषयी म्हणतो?
४. पंचवीसपट लहान प्रतिकृतीत दहा सेकंदांची लाट किती सेकंदांनी यावी, ते काढा.
५. परातीत पाणी घेऊन त्यावर पान सोडा. लाटा उठवून जे दिसेल, ते दहा ओळींत लिहा.