भाषण झालं, रस्ता कुठे?

प्रश्न : अर्थमंत्र्यांनी मार्चमध्ये आमच्या रस्त्यासाठी तरतूद जाहीर केली. काम अजून सुरू का नाही?

उत्तर : भाषण म्हणजे मंजुरी नव्हे. आधी सर्वसाधारण चर्चा, मग खातेनिहाय अनुदानाच्या मागण्यांवर विधानसभेत मतदान. विरोधक इथे कपात सूचना देतात, अगदी १०० रुपयांचीसुद्धा. रक्कम नाममात्र, पण त्यानिमित्ताने मंत्र्यांना खड्ड्यांबद्दल उत्तर द्यावं लागतं. वेळ संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविनाच मताला टाकतात, हे मला खटकतं. पुढे विनियोजन विधेयक. विधान परिषद ते १४ दिवसांपलीकडे अडवू शकत नाही. राज्यपालांच्या संमतीनंतरच तिजोरी उघडते. त्यानंतरही प्रशासकीय मान्यता आणि निविदा उरतातच. तेव्हा बांधकाम विभागात जाऊन आधी मान्यतेची तारीख विचारा.