परसातील खुराडे

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, अशी म्हण मराठीत रूढ आहे. म्हणीचा अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो. परंतु कोंबडे झाकतात कशाने, हे शहरात वाढलेल्यांना सांगावे लागते. बांबूच्या कामट्यांचे विणलेले पालथे डालगे हे ते साधन. दिवेलागणीला कोंबड्या अंगणात परतल्या, की घरातील बाई त्यांना डालग्याखाली कोंडी, वर दगड ठेवी आणि निश्चिंत मनाने चुलीकडे वळे. डालगे घरात, पडवीत असे; माणसे शेजारीच निजत. कोंबड्यांची खरी राखण डालग्यापेक्षा ही माणसेच करीत होती. कोंबड्या घराबाहेर, परसात राहू लागल्या, की तेवढ्या झाकणाने भागत नाही. मग खुराडे बांधावे लागते.

बंगळूरच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक सिटी वसली आहे. ‘केओनिक्स’ या कर्नाटक शासनाच्या कंपनीने १९७८ मध्ये कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांतील ३३२ एकर जमिनीवर या वसाहतीचा पाया घातला. शेते गेली, कार्यालये आली. गावांची नावे मात्र टिकून राहिली. नोकरीनिमित्त देशाच्या सर्व भागांतून येथे माणसे आली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. नव्याने आलेल्या मराठी माणसाला येथील खाणावळीच्या पाटीवर ‘नाटी कोळी’ हे शब्द भेटले, तर तो क्षणभर गोंधळतो. आपल्याकडे कोळी म्हणजे मासेमारी करणारा किंवा जाळे विणणारा जीव. कन्नडमध्ये मात्र कोळी म्हणजे कोंबडी, आणि नाटी कोळी म्हणजे आपली गावरान कोंबडी.

अशा ठिकाणी ज्या घराला चार हात परसू उरले आहे, तेथे पाच-सहा कोंबड्या सहज राहतात. भाजीचे देठ, उरलेला भात, निवडलेल्या धान्यातील कणी हे त्यांचे बरेचसे खाद्य. उरलेले विकत आणावे लागते. अंड्यांसाठी कोंबडा लागतोच, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. कोंबड्याविना कोंबडी अंडी देते; फक्त त्यांतून पिल्ले निघत नाहीत. दाटीवाटीच्या वस्तीत पहाटेची बांग शेजाऱ्यांना नकोशी होते. म्हणून तेथे केवळ कोंबड्या पाळणेच शहाणपणाचे. वस्तीच्या किंवा स्थानिक संस्थेच्या नियमांची चौकशीही आधीच करावी. खुराडे उभे राहिल्यावर ते मोडावे लागणे, यासारखे दुःख नाही.

सहा कोंबड्यांसाठी चार फूट लांब व तीन फूट रुंद खुराडे पुरते. दर कोंबडीस सुमारे दोन चौरस फूट जागा, हा त्यामागील हिशेब. मात्र ही जागा रात्रीच्या मुक्कामापुरती आहे. दिवसभर कोंबड्यांना मोकळे फिरता आले पाहिजे, नाहीतर त्या एकमेकींची पिसे उपटू लागतात. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे दुपारचे ऊन थेट आत येत नाही. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, विटांच्या किंवा लाकडाच्या खांबांवर असावा. खाली ओल साचत नाही आणि उंदरांना बीळ करण्यास आडोसा मिळत नाही.

लाकूड नवे आणण्याची गरज नसते. औद्योगिक वसाहतींत यंत्रे आणि सुटे भाग लाकडी फळ्यांच्या चौकटींवर बांधून येतात. त्यांना पॅलेट म्हणतात. माल उतरला की ही पॅलेट भंगारवाल्याकडे पोहोचतात आणि तेथे स्वस्तात मिळतात. परंतु घेताना त्यांवरील शिक्का अवश्य वाचावा. परदेशांतून आलेल्या लाकडातील कीड मारण्यासाठी त्यावर प्रक्रिया करणे आंतरराष्ट्रीय नियमानुसार आवश्यक असते आणि कोणती प्रक्रिया केली, ते त्यावर उमटवलेले असते. ‘एचटी’ ही इंग्रजी अक्षरे असतील, तर लाकूड केवळ तापवलेले आहे. ते बिनधोक वापरावे. ‘एमबी’ असेल, तर त्यास मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. असे लाकूड घेऊ नये. तेलाचे वा रसायनाचे डाग पडलेली फळीही नको. कोंबडी प्रत्येक वस्तूवर चोच मारून पाहते, हे विसरून चालणार नाही.

आता जाळीविषयी. घरगुती खुराड्याचा घात बहुधा येथेच होतो. बाजारात षट्कोनी छिद्रांची पातळ जाळी ‘कोंबडीची जाळी’ या नावानेच विकली जाते; परंतु ती कोंबडीला आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. भटके कुत्रे ती दातांनी फाडते आणि मोठ्या छिद्रांतून उंदीर, साप आत येतात. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही. रात्री दांडीवर बसलेली कोंबडी पळत नाही, प्रतिकारही करत नाही. मुंगूस किंवा मांजर एकदा आत शिरले, तर सहा महिने वाढवलेल्या सगळ्या कोंबड्या एका रात्रीत जातात. ज्या घरात अंड्यांच्या पैशांतून मुलांच्या वह्या येतात, तेथे हे नुकसान लहान नसते. म्हणून सांधे जोडलेली, अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्डेड जाळी घ्यावी. ती महाग पडते. काटकसर दुसरीकडे करावी, येथे नको. जाळी बारीक खिळ्यांनी नुसती ठोकू नये, वरून लाकडी पट्टी दाबून स्क्रूने आवळावी. दाराला साधी कडी पुरेशी नाही. कडीत खिट्टी किंवा कुलूप अडकवावे.

जाळी भक्कम झाली, म्हणून चारही बाजू फळ्यांनी बंद करण्याचा मोह होतो. तोही टाळावा. कोंबड्यांच्या विष्ठेतून अमोनिया वायू सुटतो. सकाळी दार उघडताच नाकाला झोंबणारा वास आला, तर हवा खेळत नाही असे समजावे. अशा हवेत कोंबड्यांचे डोळे आणि श्वसनमार्ग बिघडतात. दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर, छपराखाली वीतभर जाळीची पट्टी मोकळी सोडली, की वारा अंगावर न येता कोंदट हवा निघून जाते. बंगळूरची थंडी कोंबड्या पिसांच्या बळावर सहज सोसतात. त्यांना सोसत नाही ती ओल. येथे उन्हाळ्यात वळवाचा पाऊस येतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तो जोर धरतो. त्यासाठी छप्पर भिंतींच्या दीड फूट पुढे काढावे. पत्रा तापू नये म्हणून वर नारळाचे झाप अंथरावेत.

आत दर कोंबडीस नऊ इंच, म्हणजे सहा कोंबड्यांस साडेचार फूट दांडी लागते. चार फुटी खुराड्यात दोन दांड्या समान उंचीवर बसवाव्यात. उंची कमीजास्त असली, तर वरच्या जागेसाठी रोज भांडणे होतात. फूटभर लांबी-रुंदीची दोन खोकी अंडी घालण्यास पुरतात. ती दांडीपेक्षा खाली असावीत, नाहीतर कोंबड्या खोक्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात. तळाशी भाताचे तूस पसरावे. भिजलेले तूस लगेच काढावे. त्याचे कुजवून उत्तम खत होते. ताजी विष्ठा मात्र रोपांना जाळते.

पक्षी कोणते घ्यावेत? बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने परसासाठी ‘गिरिराज’ ही जात विकसित केली. ती गावरानपेक्षा जास्त अंडी देते. पण स्वतः खुडूक बसून पिल्ले काढण्यात गावरान कोंबडीची सर तिला नाही. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, आणि देवी या रोगांच्या लसी पशुवैद्यकाकडून वेळेवर टोचून घ्याव्यात. बर्ड फ्लूचाही विसर पडू नये. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिली साथ आढळली, तेव्हा मोठ्या पोल्ट्रीबरोबर घरोघरच्या परसांतील कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये बंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथील केंद्रीय कुक्कुट संस्थेतही हा रोग शिरला. रानपाखरांची विष्ठा दाण्यापाण्यात पडू नये म्हणून भांडी छपराखाली ठेवावीत आणि एकाएकी अनेक कोंबड्या दगावल्यास त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

नव्या खुराड्यात कोंबड्यांना पहिले तीन-चार दिवस कोंडून ठेवावे लागते. त्यानंतर त्या दिवस मावळताना आपल्या पावलांनी आत येऊन दांडीवर बसतात. मागे राहते ती बहुधा एखादी तलंग, झाडाच्या फांदीवर चढलेली. म्हणून कडी लावण्यापूर्वी आत पाहून कोंबड्या मोजाव्यात.

पाठावर आधारित प्रश्न

१. ‘कोंबडीची जाळी’ खुराड्यासाठी का चालत नाही?
२. पॅलेटवरील शिक्का का वाचावा, ते स्पष्ट करा.
३. आठ कोंबड्यांसाठी किती चौरस फूट जागा आणि किती फूट दांडी लागेल?
४. तुमच्या भागात खुराड्याला, डालग्याला व अंडी देऊ लागणाऱ्या तरुण कोंबडीला कोणते शब्द वापरतात? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.